माशीच्या पोटातलं काहीतरी

घरात माश्या झाल्या आहेत ही गोष्ट शेजाऱ्यांना सांगायची नसते, आणि त्या आपण मुद्दाम पाळल्या आहेत ही तर जन्मात सांगायची नसते. मी दोन्ही सांगून बसले. तेही जिन्यात, दोन्ही हातांत पिशव्या असताना, समोरच्या काकूंना. या काकू आमच्या इमारतीच्या सेक्रेटरी. "सहज विचारते हं," असं म्हणून त्या जे विचारतात त्यात सहज काहीच नसतं.

"सहज विचारते हं, तुमच्याकडे माश्या जरा जास्त झाल्यात का?"

"झाल्या नाहीत हो, मी पाळल्यात," मी म्हटलं. काकूंचा चेहरा पाहून मी घाबरले आणि सारवासारव करायला गेले. "पण तशा त्या आजारी आहेत."

वाक्य अगदी खरं होतं. खरी वाक्यं जिन्यात बोलू नयेत.

त्या साध्या माश्या नव्हत्या. पिकलेल्या केळ्याभोवती घिरट्या घालणारी, तिळाएवढी, लाल डोळ्यांची माशी असते ना, ती फळमाशी. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आनुवंशिकतेच्या प्रॅक्टिकलला या माश्या लागतात. लाल डोळ्यांच्या माशीचं पांढऱ्या डोळ्यांच्या माशीशी लग्न लावायचं आणि पोराबाळांच्या डोळ्यांचे रंग मोजायचे, एवढंच ते प्रॅक्टिकल. पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या बाटलीत बंद होऊन विकत येतात. लाल डोळ्यांच्याही येतात, पण आमच्या विभागप्रमुखांचं म्हणणं असं, की जी वस्तू कचऱ्याच्या डब्यावर फुकट बसलेली असते ती विकत घेतली तर ऑडिटला काय सांगायचं? म्हणून लाल डोळ्यांच्या मी घरून धरून नेते. स्वयंपाकघराच्या खिडकीत बरणी, बरणीत केळं, की झालं. मग मी बरणी घेऊन कॉलेजच्या वाटेला लागते आणि बसमध्ये माझ्या शेजारची जागा आपोआप रिकामी होते.

त्या आठवड्यात बरणीतल्या काही माश्यांची पोटं फुगलेली दिसली. अंड्यांनी भरलेल्या मादीचं पोट फुगतं, ते वेगळं. इथे नरांचीही फुगली होती. पांढरी, दुधाळ, आत चुना भरावा तशी. मी एकीचं पोट सुईनं फोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. आत तांदळाच्या कणीसारखे लांबट, चकचकीत दाणे होते. दाण्याला दाणा लागून, पोट आहे की पोतं आहे असं वाटावं इतके.

मी काच धुतली, सुई जाळून घेतली, पाणी बदललं. दुसरी माशी घेतली, पुन्हा दाणे. तिसरी, पुन्हा दाणे. पोट न फुगलेली घेतली तर काही नाही.

अशा वेळी माणसाला आनंद होत असेल. आमच्या घराण्यात आनंद थेट येत नाही, तो आधी काळजीला पाठवून घर बघून घेतो. फळमाशीवर जगभरात इतक्या लोकांनी इतकं काम केलंय की तिच्या पायावरचा केस न् केस मोजून झाला असेल. तिच्या पोटात कुणी न पाहिलेलं काही निघावं, आणि ते माझ्या ओट्याच्या वरच्या खिडकीत? यात माझी काहीतरी चूक असणार. फक्त ती सापडत नव्हती, आणि न सापडणाऱ्या चुकीइतकी झोप उडवणारी गोष्ट दुसरी नाही.

दूरच्या एका संशोधन संस्थेत अशाच सूक्ष्म परजीवींवर काम करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना मी फोटो पाठवले, सोबत माझ्या शंका, माझा अनुभव, माझी पदवी. उत्तर आलं, "फोटो पाहिले. यीस्ट वाटतं."

बस्स. आपण नातवाचा फोटो दाखवावा आणि समोरच्यानं मागचा पडदा छान आहे म्हणावं, तसं झालं. यीस्ट! मी गेली कित्येक वर्षं पोरांना यीस्ट दाखवत आलेय. मी उलट एक लांबलचक पत्र लिहिलं, त्यात 'नम्र' हा शब्द इतक्या वेळा घातला की राग स्पष्ट दिसावा. तेव्हा बाईंनी फोनच केला.

"मॅडम, रागावू नका. रोज कुणीतरी मला यीस्ट पाठवतं. तुम्ही म्हणताय तो परजीवी असेल तर त्याच्या प्रत्येक दाण्यात एक दोरा गुंडाळलेला असतो. वेळ आली की तो बाणासारखा बाहेर सुटतो आणि माशीच्या पेशीत घुसतो. त्या दोऱ्यातून दाण्यातला ऐवज आत जातो. यीस्टमधून दोरा सुटत नाही. दाणे वाळवा, मग ओले करा, बघत बसा. मला दोरा दाखवा, पुढचं मी बघते."

"आणि नाही सुटला तर?"

"तर पाव करा," बाई म्हणाल्या. त्या विनोद करत होत्या. मी आठवडाभर त्यावर विचार करत होते.

इकडे कॉलेजात मूल्यांकन समिती येणार म्हणून भिंतींना रंग लागत होता. विभागप्रमुख माझ्यापेक्षा वयानं बरेच लहान, पण कपाळावरच्या आठ्यांत माझ्या कितीतरी पुढे. ते नाकाला रुमाल लावून प्रयोगशाळेत आले.

"मॅडम, हे सिलॅबसमध्ये आहे का?"

"सर, हे कदाचित कुठेच नाहीये. तीच तर गंमत आहे."

"समितीला कुजक्या केळ्याचा वास आला तर आपली श्रेणी जाईल. गंमत घरी न्या."

अशी गंमत घरी आली. बाटल्या, विद्यार्थ्यांनी हाताळून हाताळून गुळगुळीत केलेला एक सूक्ष्मदर्शक, आणि तो चोरून नेत नाही असं सांगणारा गेटपास. पांढऱ्या डोळ्यांच्या माश्यांची बाटलीही आणली. रंगाच्या वासानं त्या मेल्या असत्या.

आमचे हे पाणीपुरवठा खात्यात अभियंता आहेत. कुठल्याही गोष्टीकडे ते गळती म्हणून बघतात. त्यांनी बाटल्यांची रांग बघितली, तापमान विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी कपाटावर एक खोका, आत पिवळा बल्ब, शेजारी थर्मामीटर अशी व्यवस्था उभी राहिली. माश्यांचं खाणं मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून करतात. माझ्या हातून गुठळ्या व्हायच्या. ह्यांनी झारा हातात घेतला आणि असं एकजीव ढवळलं की मला उगाच अपमान वाटला. संसारात माझ्यासाठी त्यांनी कधी झाऱ्याला हात लावल्याचं आठवत नाही. वर चमच्यानं चव घेऊन म्हणाले, "मीठ विसरलीस का गं?"

घरात तिसरं माणूस म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. मी त्यांना वन्सं म्हणते. त्यांना आजारांची भीती वाटते असं लोक म्हणतात, पण ते खरं नाही. आजारांशी त्यांची ओळख आहे. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद त्या वर्तमानपत्रासारखा वाचतात आणि दुष्परिणामांपैकी निम्मे त्यांना वाचता वाचता होऊन जातात. डॉक्टर मात्र दर वेळी म्हणतात, "काही नाही हो, वयाचं आहे." हे ऐकून त्या खचतात.

"हे माणसाला होतं का गं?" त्यांनी बाटलीकडे लांबूनच बोट दाखवून विचारलं.

"नाही वन्सं."

"कुणी तपासून बघितलंय?"

"अजून हे आहे काय तेच कुणी तपासलेलं नाही."

"म्हणजे माहीत नाही," वन्सं म्हणाल्या. शास्त्रीय दृष्ट्या त्यांचं बरोबर होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला.

पुढचे दिवस मी दाणे वाळवत होते आणि ओले करत होते. एक डोळा मिटून नळीत बघत बसायचं. दाणे तसेच. ढिम्म. डोळ्याभोवती गोल वळ उठला. कॉलेजात एका सहकारी बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "दोरा सुटत नाहीये." त्यांनी माझा हात दाबला.

आणि मग बोळ्यांचं प्रकरण झालं.

माश्यांच्या बाटल्यांना झाकण नसतं, तोंडाला कापसाचा बोळा असतो. हवा आत जावी, माशी बाहेर येऊ नये. वन्संचा कान दुखत होता. कानात थेंब घातले, वर लावायला कापूस हवा. घरातला कापूस मी बोळ्यांतच संपवलेला. कपाटावर मात्र स्वच्छ, घट्ट वळलेले बोळे ओळीनं तयार; डोळ्यांवर चष्मा नसल्यानं खालच्या बाटल्या माश्यांच्या आहेत हे वन्संना कळलंच नाही. त्यांनी पहिला काढला, तो कानाला मोठा झाला. दुसरा काढला. असे करत करत मापाचा बोळा मिळेपर्यंत फुगलेल्या पोटाच्या माश्यांची सगळी रांग उघडी पडली. पांढऱ्या डोळ्यांची बाटली तेवढी मागे होती, तिच्यापर्यंत हात पोचला नाही.

मी कॉलेजातून आले तर दिव्याभोवती माश्या, आरशावर माश्या, ह्यांच्या चहावर माश्या, आणि वन्सं कानात बोळा घालून शांत झोपलेल्या. मी किंचाळले. वन्सं उठल्या, बोळा कुठून आला ते त्यांना कळलं, आणि आमच्या घरात त्या दिवशीची दुसरी किंकाळी उठली.

मी रिकाम्या बाटल्यांकडे बघत मटकन बसले. वन्सं तशाच, पायात चप्पल न घालता, तळमजल्यावरच्या डॉक्टरांकडे गेल्या.

"डॉक्टर, माझ्या कानात परजीवी गेलाय."

"कुठला?"

"नवीन आहे. अजून नाव ठेवलेलं नाही."

डॉक्टर इतकी वर्षं त्यांना 'वयाचं आहे' म्हणत आले होते. पण हा परजीवी प्राध्यापिकेच्या घरातला, नवीन, आणि बाटलीतून सुटलेला. एवढं सगळं वयावर ढकलायची त्यांची हिंमत झाली नसावी. त्यांनी कान बघितला, काही दिसलं नाही, आणि काही दिसत नाही म्हणून जास्तच घाबरून आरोग्य खात्याला फोन केला. दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघत समोरच्या काकू बसलेल्या होत्या.

संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी तयार झाली: मॅडमनी रोग शोधलाय आणि तो जिन्यात सोडलाय. लोक सल्ले घेऊन दारात उभे. कुणी सांगितलं व्हिनेगर ठेवा, कुणी सांगितलं पंखा लावा, दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त कप्तानांनी सांगितलं की अशा वेळी पहिल्यांदा घाबरायचं नाही, आणि ते दार न उघडता आतूनच बोलत होते. काकू म्हणाल्या, "सहज विचारते हं, तुमचा घर बदलायचा वगैरे विचार आहे का?"

दुसऱ्या दिवशी आरोग्य निरीक्षक आले. थकलेला माणूस. बसल्या बसल्या कागद काढला.

"चावतात का?"

"नाही."

"रोग पसरवतात?"

"माणसात नाही. त्या स्वतःच आजारी आहेत."

"मग तक्रार कुणाची? माशीची?" त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. डास, उंदीर, झुरळं, मोकाट कुत्री, इतर. "इतर लिहिलं की साहेब बोलावून घेतात. मी डास लिहितो. परवा सकाळी फवारणी."

आजारी माश्या आता इमारतभर पसरलेल्या, बाटलीत एकही नाही. फवारणी म्हणजे सगळ्या मेल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या पोटातला तो परजीवीही. पुन्हा तशी माशी माझ्या खिडकीत कधी येईल, येईल की नाही, कोण सांगणार?

"अहो पण डास नाहीतच इथे!"

"फवारणीनंतर कसे असतील?" निरीक्षक म्हणाले.

"रद्द करता येणार नाही का?"

"येईल की. अर्ज करा. पण अर्ज तक्रार विभागात घेतात, आणि तक्रार फवारणी झाल्यानंतरच करता येते."

मी हसावं की रडावं हे ठरेपर्यंत ते चहा पिऊन गेले. चहात एक माशी होती. मी ती आधी काढून पोट बघितलं होतं. सपाट.

राहिलेल्या वेळात मी जे केलं ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. बरणी घेऊन मी दारोदार फिरले. ज्यांनी काल मला सल्ले दिले त्यांच्याच दारात उभी राहून म्हणाले, "तुमच्याकडे माश्या आहेत का हो? असल्या तर मला हव्यात." भीतीनं सगळ्यांनी फळं टाकून दिली होती, ओटे घासून काढले होते. आमच्या इमारतीची स्वयंपाकघरं इतकी लख्ख कधीच नव्हती. कप्तानांनी दार किलकिलं करून दोन माश्या दिल्या, दोन्ही निरोगी.

शेवटी समोरचं दार.

"आमच्याकडे? माशी औषधालासुद्धा सापडायची नाही," काकू म्हणाल्या.

त्यांच्या खांद्यावरून मला आतलं टेबल दिसत होतं. टेबलावर कागदी पिशवी, पिशवीत विसरलेली केळी, आणि पिशवीच्या तोंडाशी घिरट्या. काकूंनी माझी नजर गेली तिकडे मान वळवली. बराच वेळ आम्ही दोघी तिकडे बघत राहिलो.

"या तुमच्याच असणार," काकू म्हणाल्या.

"हो काकू, माझ्याच."

"मग घेऊन जा. आणि जिन्यात कुणाला बोलू नका."

मी टेबलाखाली, पडद्यामागे, फ्रीजच्या वर चढून माश्या धरल्या, सगळ्या सपाट पोटांच्या. काकूंनी खुर्ची पकडली होती. शेवटची माशी काचेवर उन्हात बसली तेव्हा तिचं पोट पांढरंशुभ्र दिसलं. मी खुर्चीवरून उतरेपर्यंत काकूंनीच माझ्या हातातली बरणी घेऊन तिच्यावर अलगद टेकवली. "ही का ती?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. त्या आवाजात तक्रार नव्हती.

फवारणीच्या सकाळी ह्यांनी रजा काढली. दोन्ही बाटल्या, आजारी माशीची आणि पांढऱ्या डोळ्यांच्यांची, घेऊन ते पलीकडच्या रस्त्यावर गाडीत काचा लावून बसले. धूर इमारतीच्या खिडक्यांतून बाहेर येत होता आणि मी फाटकाशी उभी राहून फोनवर होते.

"काय करतेय ती?"

"बसलीय."

"हलतेय का?"

"पाय पुसतेय." थोड्या वेळानं, "अगं, इथे एक पोलीस आलाय. काचा लावून एकटा काय करतोयस विचारतोय."

"काय सांगितलंत?"

"माशीला धूर लागू नये म्हणून बसलोय म्हटलं. तो गाडीचे कागद बघतोय."

घरी परतल्यावर खरी परीक्षा होती. माशी एक. तिचं पोट फोडलं तर दाणे मिळतील, पण इतके दिवस न सुटलेला दोरा आजच सुटेल कशावरून? नाही सुटला तर सगळं संपलं. नाही फोडलं तर ती मरून वाळून जाईल. मी सुई हातात घेऊन बसले, ठेवली, पुन्हा घेतली.

"तुमच्याकडे असं झालं तर काय करता?" मी ह्यांना विचारलं. मी त्यांना असं कधी विचारत नाही.

त्यांनी हातातलं थर्मामीटर खाली ठेवलं. "गाळणी तुंबली तर आम्ही ती फोडत नाही. पाणी पुढे सोडतो आणि पुढच्या टाकीत काय उतरतं ते बघतो."

मी सुई खाली ठेवली. पांढऱ्या डोळ्यांच्या माश्यांच्या बाटलीत नुकत्या अळ्या झाल्या होत्या. अळ्या समोर येईल ते खातात, मेलेली माशीसुद्धा. हा आजार तोंडावाटे जात असेल, तर आजारी माशीचं प्रेत खाल्लेल्या अळ्यांतून निघणाऱ्या माश्या आजारी निघतील. आणि त्यांचे डोळे पांढरे असतील, म्हणजे ती भलतीच कुठली माशी आहे असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. थोड्या अळ्या मी वेगळ्या बाटलीत निरोगी ठेवल्या, ताळा म्हणून. संध्याकाळी ती माशी आपली आपण गेली. मी तिला चिमट्यानं उचलून अळ्यांत ठेवलं. वन्संनी लांबून हात जोडले.

नंतरचे दिवस कसे गेले सांगत नाही. अळ्यांचे कोष झाले. मी वर्गात आनुवंशिकता शिकवत असताना पेशींची नावं चुकवली. जेवताना घास हातातच राहायचा. ह्यांनी बल्बचं तापमान अर्ध्या अंशानं कमी केलं तर मी त्यांच्याशी अबोला धरला. माश्या बाहेर आल्या तेव्हा सगळ्या सडपातळ, पांढऱ्या डोळ्यांच्या, दिमाखदार. मला रडू आलं. वन्सं म्हणाल्या, "अगं थांब की. आजार काय लगेच दिसतो? मला सांधेदुखी दिसायला किती वर्षं लागली."

त्यांचंच खरं झालं. हळूहळू पोटं फुगली. पांढरे डोळे आणि पांढरी पोटं. ताळ्याच्या बाटलीतल्या मात्र ठणठणीत.

रविवारी दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर मी ताजे दाणे वाळवले, पाण्याचा थेंब सोडला आणि नळीला डोळा लावला. ढिम्म. मग एक दाणा जरा थरथरला. आणि टोकातून काहीतरी सुटलं. सरळ, बारीक, दाण्याच्या कितीतरी पट लांब. शेजारी दुसरा सुटला. मग तिसरा.

"दोरा," मी म्हटलं. "अहो, दोरा!"

ह्यांनी बघितलं आणि बराच वेळ उठलेच नाहीत. "दाब," ते पुटपुटले. "एवढ्याशा दाण्यात केवढा दाब असेल!" आयुष्यभर नळाला दाब नाही म्हणून शिव्या खाल्लेला माणूस तो. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

संस्थेतल्या बाईंना चित्रफीत पाठवली. उत्तर आलं, "यीस्ट मागे घेते. नमुने लगेच पाठवा, इतर ज्ञात जातींशी ताडून बघायचेत."

लगेच! कॉलेजचे हेडक्लार्क चष्मा वर करून म्हणाले, "मॅडम, संस्थेची मालमत्ता बाहेर जायची तर ती आधी डेड स्टॉकच्या वहीत नोंदलेली हवी."

"अहो, माश्या आहेत त्या."

"जिवंत?"

"स्पिरिटमध्ये. मेलेल्या."

"मग डेड स्टॉकमध्ये बसतात," ते समाधानानं म्हणाले. मग चेहरा पडला. "पण खरेदीची पावती कुठाय?"

"घरी जन्मल्यात त्या."

"म्हणजे देणगी," हेडक्लार्क म्हणाले. "देणगी स्वीकारायला ठराव लागेल. आणि बाहेर काढायला निर्लेखन समिती." समितीच्या बैठकीत विभागप्रमुखांनी विचारलं की वस्तू दुरुस्त होण्याजोगी आहे का. मी नाही म्हटलं. तेव्हा कुठे माझ्या माश्या रीतसर भंगारात निघाल्या आणि कुरिअरनं रवाना झाल्या. कुरिअरवाल्याने विचारलं, "आत नाजूक काही?" मी म्हटलं, "हो. मी."

मग वाट बघणं. मला खात्री होती की तो जुनाच कुणीतरी निघणार, कुठल्या तरी थंड देशात कुणीतरी आधीच पाहिलेला, आणि बाई पुन्हा दोन शब्दांत कळवणार. रोज मी त्या दोन शब्दांची तयारी करत होते.

फोन आला तेव्हा मी कांदा चिरत होते.

"मॅडम, जवळचे नातेवाईक सापडले. पण हा त्यांच्यातला नाही. हा कुणीच पाहिलेला नाही. नवीन जात आहे. आपण दोघी मिळून लिहू. नाव तुम्ही सुचवा."

मी "बरं" म्हटलं. इतक्या दिवसांच्या काळजीनंतर माझ्या तोंडून फक्त "बरं" निघालं. फोन ठेवून मी उरलेला कांदा चिरला आणि मग डोळे पुसले, म्हणजे कारण विचारलं तर सांगता यावं.

विभागप्रमुखांनी मूल्यांकन समितीसाठीच्या अहवालात 'विभागातील संशोधन' असं घातलं. काकूंनी दारात थांबवून विचारलं, "सहज विचारते हं, ती नेमकी माशी कुणाच्या घरात सापडली असं छापून येणार?" मी म्हटलं, "तुमच्या." त्या म्हणाल्या, "मग स्वयंपाकघर नका लिहू. दिवाणखाना लिहा." ह्यांनी खोक्याला दुसरा बल्ब लावला.

वन्सं मात्र त्या दिवशी, बोळ्यांच्या प्रकरणानंतर पहिल्यांदाच, कपाटाजवळ आल्या. त्यांनी बाटली स्वतःच्या हातानं उचलून खिडकीच्या उजेडात धरली. पांढऱ्या पोटांच्या माश्या काचेवरून सावकाश चढत होत्या, घसरत होत्या.

"काय गं, यांना बरं वाटायला काही आहे का?"

एवढ्या दिवसांत मला तो परजीवी माझा वाटला होता, त्याची काळजी केली होती, त्याच्यासाठी दारोदार फिरले होते. माशीला काय होत असेल हे एकदाही मनात आलं नव्हतं.

"नाही वन्सं. आजार आहे हेच आत्ता कळलंय. औषध कोण शोधणार?"

वन्संनी मान हलवली. त्या बाटलीकडे इतक्या मायेनं बघत होत्या की मला त्यांच्याकडे बघवेना. मग त्यांनी सुस्कारा सोडला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "निदान निदान तरी झालं बिचाऱ्यांचं."